मालनची वेल

मालनची वेल मादी निघाली, असं स्नेहलनं सांगितलं तेव्हा आनंदा चौगुलेला बरं वाटलं. नर निघाली असती तरी त्याला काही फरक पडणार नव्हता. पण पोरगी पुण्याहून एवढ्या लांब आली, परड्यात जाऊन तिनं आईच्या वेलीला यंत्र लावलं आणि काहीतरी चांगलं सांगितलं, एवढं त्याला पुरे होतं.

यंत्र हातातल्या बॅटरीएवढं. पुढं एक बारीक सुई. ती वेलीच्या खोडात टोचली की रसाचा थेंब आत जायचा आणि वरच्या काचेवर अक्षरं उमटायची. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. भुदरगडातल्या लोकांनी त्याला ‘हुंगणी’ म्हणायला सुरुवात केली होती. स्नेहल ज्या प्रयोगशाळेत कामाला होती तिथंच ते तयार झालं होतं, आणि ते बनवणाऱ्यांत ती होती.

“काय म्हणते गं तुझी हुंगणी?” आनंदानं विचारलं. त्याचा चष्मा घरात राहिला होता.

स्नेहल काचेकडं बघत होती. काचेवर तिचा अंगठा होता.

“मादी,” ती म्हणाली. “मादी आहे आबा.”

“मग बरोबर आहे. तुझ्या आईनं आणलेली. ती कशाला गडीमाणूस आणते घरात!”

तो स्वतःच हसला. स्नेहल सुई पुसत होती. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.

ही गुळवेल मालननं लग्नानंतर माहेराहून आणली होती. घाटाखाली तिच्या वडिलांच्या कुंपणावर होती, त्यातली हातभर कांडी तिनं पिशवीत घालून आणली आणि परड्यातल्या कडुलिंबाला सुतळीनं बांधली. माती नाही, पाणी नाही. आनंदा तेव्हा एसटीच्या आगारात मेकॅनिक होता, त्याला झाडांतलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला होता, “वाळून जाईल.” मालन म्हणाली होती, “ही नाही वाळायची. ही वरनंच मुळी सोडती खाली.” आणि खरंच तिनं वरून दोऱ्यासारखं मूळ सोडलं आणि जमीन गाठली.

पुढं तळकरवाडीत नवी सून आली, की मालन वेलीची एक कांडी कापायची, जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी बांधायची आणि त्या घरी नेऊन द्यायची. दाराजवळच्या झाडाला बांधा म्हणायची. कुणाला ताप आला, कुणाची पोरं सारखी आजारी पडायला लागली, की तीच वेल कापून उकळायची. बघता बघता गावात असं घर राहिलं नाही की जिथं मालनची वेल नाही. मालन गेली तेव्हा लोक बोलायला यायचे, आणि काही सुचलं नाही की म्हणायचे, “वैनींची वेल आहे की आमच्या दारात.” आनंदाला तेवढंच बरं वाटायचं. गावात कुठंही गेलं तरी कुठल्या ना कुठल्या झाडावर ती असायचीच.

दोघं घरात आली. आनंदानं चहा ठेवला. शेगडीच्या उजव्या अंगाला गुळाचा डबा होता, तो त्यानं न बघता हात लांब करून उघडला. डब्याची जागा मालननं ठरवली होती आणि ती कुणाला हलवू द्यायची नाही. त्यानंही हलवली नव्हती.

“मला कळेल असं सांग,” तो म्हणाला. “वेलीत नर आणि मादी म्हणजे काय?”

“पपईसारखं. पपईचं नर झाड वेगळं, मादी वेगळं. पपईत आपल्याला लगेच कळतं, कारण फळ खायचं असतं. गुळवेलीचं फळ कोण खातंय? खोड औषधाला लागतं. म्हणून कुणी बघितलंच नाही. उन्हाळ्यात थोडे दिवस फूल येतं, तेव्हा ओळखता येतं. नराची फुलं झुपक्यानं येतात, मादीची एकेकटी. फुलं झडली की दोन्ही सारख्याच. बाजारात मोळी येते ती सगळी मिसळ.”

“मग हुंगणीला काय वेगळं दिसतं?”

“रस वेगळा असतो ना. नराचं काम फुलाबरोबर संपतं. मादीला त्याच्यानंतर फळ धरायचं, बी पिकवायचं, तोवर किडीपासून, उन्हापासून स्वतःला जपायचं. दोघांचा खर्च वेगळा, म्हणून साठवणही वेगळी. मादीच्या खोडात एक द्रव्य सापडलंय. माणसाची प्रतिकारशक्ती चवताळून स्वतःच्याच शरीरावर उठली, तर तिला ते शांत करतं.”

आनंदाचा हात कपावर थांबला. मालनला तेच झालं होतं. रक्तातल्या प्लेटलेट्स तिचं स्वतःचंच शरीर मारत होतं.

“आणि नराच्या खोडात?”

स्नेहलनं चहाचा घोट घेतला. “नराच्या खोडात ते नसतं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“म्हणजे आपण तिला दिलं ते बरोबरच दिलं.”

“हो आबा,” स्नेहल म्हणाली. “बरोबरच दिलं.”

ती कप विसळायला मोरीकडं गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

मालन आजारी होती तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरांची औषधं चालू होतीच. मालनच्या दंडावर त्यांनी एक पट्टी चिकटवून दिली होती. ती रक्त तपासून रोज सकाळी आनंदाच्या फोनवर प्लेटलेट्सचा आकडा पाठवायची. आकडा वर गेला की घरात हसणं असायचं, खाली गेला की दोघंही फोनकडं बघायचं टाळायची. स्नेहल तेव्हा पुण्यात वनस्पतींच्या रसायनावर शिकत होती. तिनं कुठंतरी वाचलं, की या आजारात गुळवेलीच्या काढ्यानं रोग्यांना गुण आला. तिनं फोन केला. “आबा, आपल्या दारात आहे की. सकाळी अनशापोटी द्या. मी डॉक्टरांना पण विचारलंय, ते म्हणाले घ्यायला हरकत नाही.”

काढा आनंदाच करायचा. वेल कापायची, ठेचायची, पाणी आटवायचं. मालन नाक दाबून एका दमात पेला रिकामा करायची आणि मग लहान पोरासारखं तोंड उघडून दाखवायची. त्याच्या डाव्या हातात गुळाचा खडा तयार असायचा, तो तिच्या जिभेवर ठेवायचा. एकदा तो म्हणाला, “आज राहू दे, फारच कडू झालाय.” तर ती म्हणाली, “माझ्या लेकीनं सांगितलंय. थेंब सोडायची नाही मी.”

आकडा घसरायला लागला तेव्हा स्नेहलनंच फोनवर सांगितलं, संध्याकाळीपण एकदा द्या म्हणून. संध्याकाळीपण दिला. डॉक्टरांनी औषधं बदलली, तरी आकडा घसरतच राहिला. मग एका सकाळी मालन म्हणाली, डोकं फार दुखतंय. गाडी कोल्हापुरात पोचेपर्यंत ती बोलायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात गलका ऐकू आला. आनंदा बघायला गेला. स्नेहल अजून उठली नव्हती.

वनौषधी संस्थेची मुलगी हुंगणी घेऊन गावात आली होती. संस्था आता मादी वेलच विकत घेणार होती, नर वेलीला बाजार राहिला नव्हता, म्हणून ती घरोघर तपासत होती. हिंदुराव परीटाच्या दारात माणसं जमली होती. हिंदुराव आनंदाच्या शाळेतला सोबती. त्यानं लांबूनच आरोळी दिली.

“आन्दा, ये की हिकडं! तुझ्या बायकोनं गावाला फसवलं बघ!”

“काय झालं?”

“गडी हाय, गडी! माझी वेल गडी निघाली. देवळापुढची गडी. शाळंतली गडी. वैनींनी सगळ्या गावाला गडीच वाटला की रं!”

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आनंदालाही हसू आलं. मालन असती तर तीच सगळ्यांत मोठ्यानं हसली असती.

“तरीच म्हणलं,” हिंदुराव म्हणाला, “ह्या वेलीला एक लाल फळ म्हणून कधी बघितलं न्हाई.”

“आमची मादी आहे,” आनंदा म्हणाला. “काल स्नेहलनं बघितली.”

संस्थेच्या मुलीनं मान वर केली. “काका, ह्या सगळ्या वेली तुमच्याच वेलीच्या कांड्या आहेत ना?”

“होय. दुसरी वेलच नव्हती गावात.”

“मग तुमची मादी कशी असेल? बी पेरलं तर काहीही निघेल. पण कांडी लावली की ती तीच वेल. नराची कांडी नरच.”

“तुझं यंत्र चुकत असेल.”

“एखाद्या घरी चुकलं असतं काका. सगळ्या गावात एकसारखं कसं चुकेल?”

आनंदाला काचेवरचा स्नेहलचा अंगठा आठवला. मग त्यानं विचारलं, “आणि नर असली तर काय बिघडतं?”

“काहीच नाही. आम्ही घेत नाही, एवढंच. अशक्त माणसाला, मोठ्या आजारातनं उठलेल्याला ती चांगलीच. नराचा रस प्रतिकारशक्तीला जागं करतो.” मुलगी हुंगणीची सुई पुसत बोलत होती. रोज तेच सांगून तिला पाठ झालं होतं. “फक्त ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलीय, त्यांनी नर वेलीचा काढा अजिबात घ्यायचा नाही. जी चवताळलीय तिला आणखी चेव येतो. ही आत्ताच नवी सूचना आलीय. आधी ज्यांच्यावर प्रयोग झाला होता, त्यांना गुण आला, कारण त्यांना दिलेली वेल एकाच बागेतली होती आणि ती मादी होती. तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. हे सगळं स्नेहलमॅडमच्या कामातनं निघालंय. तुम्हाला बोलल्या नाहीत त्या?”

“बोलली,” आनंदा म्हणाला.

कुणीतरी त्या मुलीला कोपरानं खुणावलं. हसणं थांबलं. मालनला कसला आजार होता आणि ती काय घेत होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. हिंदुराव आनंदाजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “वैनींच्या हातची हाय. तुला विचारल्याबिगर मी कोयता लावणार न्हाई.”

“आजचा दिवस थांब,” आनंदा म्हणाला.

तो घराकडं निघाला. वाटेत प्रत्येक दारात वेल होती. पानं झडून गेली होती, नुसती हिरवट खोडं झाडांना विळखा घालून बसली होती. आगारात असताना एकदा एका नवख्यानं डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं होतं. पेट्रोल चांगलं होतं, गाडीही चांगली होती. इंजिन मात्र गेलं. त्या पोराला सगळे शिव्या देत होते आणि तो पोरगा एकच सांगत होता, मला कॅन भरून दिला तो मी ओतला.

ओतणारा मीच, असं आनंदाच्या मनात आलं. पण ते तिथं फार टिकलं नाही. त्याला फोनवरचा पोरीचा आवाज ऐकू यायला लागला. ‘संध्याकाळीपण एकदा द्या आबा.’ ही गोष्ट पोरीला कधी कळली असेल? प्रयोगशाळेत, लोकांच्या देखत, एखाद्या काचेवर? मग ती तशीच खोलीवर गेली असेल, एकटीच जेवली असेल. आणि घरी आली ती खात्री करायला आली. आईची वेल मादी निघू दे, असं म्हणत बसनं आली असेल. सुई टोचेपर्यंत तिला आशा असणार. आणि टोचल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर बापाला वाचवलं.

घरात स्नेहल नव्हती. परड्यातून ठक्‌ ठक्‌ आवाज येत होता.

ती कडुलिंबापाशी कोयता घेऊन उभी होती. वेलीचं बुंध्याजवळचं खोड मनगटाएवढं झालं होतं. तिनं घातलेले घाव उथळ होते, नेम धरून घातलेले नव्हते. आनंदानं तिच्या हातातून कोयता काढून घेतला. तिनं सोडला.

“संस्थेची मुलगी आली होती गावात,” तो म्हणाला.

स्नेहल बुंध्यापाशी खाली बसली. “म्हणजे तुम्हाला कळलं.”

“कळलं.”

“तुम्हाला सांगणारच नव्हते मी आबा. तुम्ही तुमच्या हातानं देत होता. तुम्हाला काय वाटलं असतं?”

“माझं राहू दे.”

“पण सांगितलं मी ना. मीच सांगितलं. आकडा खाली आला तर वाढवा म्हणाले. वाढवा! डॉक्टर काहीतरी करत होते, आणि मी इकडून... तिला काही कळत नव्हतं, ती मुलीवर विश्वास ठेवून पीत होती. रोज. दोनदा.” तिचा श्वास लागला होता. “सगळे म्हणतात, नक्की त्यानंच झालं असं सांगता येत नाही. मलाही माहीत आहे, सांगता येत नाही. पण तसं नव्हतं, असंही कुणी सांगू शकत नाही ना. मी जन्मभर हेच...”

आनंदा तिच्या शेजारी बसला. गुडघे वाजले. आयुष्यात त्याला खोटं बोलायची फारशी वेळ आली नव्हती. इंजिनात दोष असला की आहे म्हणायचं, नसला की नाही म्हणायचं, एवढीच त्याची भाषा होती.

“ती पीत नव्हती,” तो म्हणाला.

“काय?”

“काढा. तुझी आई काढा पीतच नव्हती.”

स्नेहल त्याच्याकडं बघत राहिली.

“अगं, मला पण आधी माहीत नव्हतं. कडू लागायचा तिला. तुला वाईट वाटेल म्हणून कुणाला बोलली नाही. मी पेला द्यायचो, आणि गूळ आणायला वळलो की ही मोरीत ओतून मोकळी. एकदा मी पकडली. म्हणाली, लेकीला सांगू नका, तिनं एवढं शोधून काढलंय. मग मी पण गप्प बसलो. एखादा घोट गेला असेल कधी, नाही असं नाही.”

“तुम्ही रोज करून द्यायचा. पीत नव्हती तर कशाला करायचा?”

“तिच्याशी भांडण कोण घालणार? आणि तू फोनवर विचारायचीस ना, दिला का म्हणून. दिला, असं खरं सांगता यावं म्हणून करायचो.”

वाऱ्यानं कडुलिंबाची पिवळी पानं खाली पडत होती. स्नेहलनं डोळे पुसले. मग ती त्याच्याकडं वळून बसली आणि डोकं पुढं केलं.

“माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगा.”

आनंदाचा हात उचलला गेला आणि अर्ध्यातच थांबला. खोटी शपथ जिच्या डोक्यावर घ्यावी तिला ती बाधते, असं त्याच्या आईनं त्याला लहानपणी सांगितलं होतं. त्यावर त्याचा विश्वास होता की नव्हता, हे त्यानं कधी तपासलं नव्हतं. एकुलत्या एका पोरीच्या डोक्यावर ते तपासून बघायची त्याची तयारी नव्हती.

त्यानं हात वेलीवर ठेवला, कोयत्याचा घाव बसला होता तिथं. रस बोटांना लागला.

“तुझ्या आईची शपथ,” तो म्हणाला. “तिचीच वेल आहे. तिच्यावर हात ठेवून सांगतो.”

मेलेल्या माणसाला काय बाधणार, असं त्यानं मनाला सांगितलं. मालनला त्यानं मनातच म्हटलं, तुझ्या लेकीसाठी आहे, सांभाळून घे.

स्नेहल त्याच्या खांद्याला डोकं टेकून बसली. मग कुंपणापलीकडून हिंदुरावची हाक आली, “आन्दा, काय ठरवलंस? बाकीची माणसं इचारायला लागल्यात.”

आनंदानं पोरीकडं बघितलं.

“वेल वाईट नाही आबा,” ती म्हणाली. “तिचाही उपयोग होणारच आहे. आणि सगळे नर उपटले, तर मादीला फळ कुठून येणार? फक्त आईला चालणारी नव्हती ती.”

“ठेव म्हणते पोरगी!” आनंदा ओरडला. “ज्याला काढायची त्यानं काढा, ज्याला ठेवायची त्यानं ठेवा!”

“मी ठेवतो मग,” हिंदुरावचा आवाज आला. “गडी तर गडी.”

“चहा करते,” स्नेहल म्हणाली आणि उठून आत गेली.

आनंदा हात धुवून मागोमाग गेला. वेलीचा रस चिकट असतो, सहजी निघत नाही. तो पंच्याला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

स्नेहलची त्याच्याकडं पाठ होती. पाणी उकळलं होतं, तिनं चहापूड टाकली, मग उजवा हात लांब केला आणि गुळाचा डबा उघडला. पाय जागचे हलले नाहीत. मान वळली नाही. डबा हाताशीच होता, मालननं ठेवला होता तिथं.

तिचा हात डब्यातच थांबला.

आनंदालाही ते त्याच वेळी दिसलं. गूळ आणायला या घरात कुणालाच कधी वळावं लागलं नव्हतं.

स्नेहलनं गूळ चहात टाकला. झाकण लावलं. मग तिनं डबा दोन्ही हातांनी उचलला, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या भिंतीतल्या फडताळापाशी गेली, तिथले पेले बाजूला सारले आणि डबा आत ठेवला. आता शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला गूळ हवा असेल तर पाठ फिरवावी लागली असती.

तिनं बापाकडं बघितलं.

“इथंच असायचा ना आबा?”

“होय,” आनंदा म्हणाला. “तिथंच असायचा.”